न अडणारे शब्द

माझी मुलगी पहिल्यांदा अडखळली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती ‘पप्पा’ म्हणत होती. त्या शब्दात ‘प’ आधीच दोनदा येतो. त्यात आणखी दोन-तीन मिसळले तर पोर लाडात आलीय असंच वाटतं. मला मात्र लगेच कळलं. तिचे ओठ एकमेकांवर घट्ट दाबले गेले, डोळे क्षणभर मिटले आणि हनुवटी किंचित वर गेली. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. मी स्वतः बोलायला लागल्यापासून अडखळतो. गावात मला तोतरा म्हणायचे, अजूनही म्हणतात, आणि त्यात त्यांना काही वाईट म्हटल्यासारखं वाटत नाही.

आमचं मूळ घर बदलापूरजवळ चामटोलीला. लग्न झाल्यावर मी बदलापुरात भाड्यानं राहू लागलो. काम उल्हासनगरला, कॅम्प तीन या भागात, जीन्सच्या कारखान्यात. कापडाचे थर लावून कापायचं काम. स्टेशनवरून शेअर रिक्षानं जावं लागतं आणि उतरायचं ठिकाण आलं की ‘बाजूला घ्या’ म्हणावं लागतं. तो ‘ब’ मला निघत नाही. त्यामुळे पुढे कुणी उतरलं की मीही त्याच्याबरोबर उतरतो आणि तेवढं मागे चालत येतो. इतकी वर्षं असं केल्यावर माणसाला त्याचं काही वाटेनासं होतं. मुलगी झाली तेव्हा मात्र मी तिच्या जिभेसाठी मनातल्या मनात खूप काही मागितलं होतं.

पुढे पुढे ते सगळ्यांनाच दिसू लागलं. त्या दिवाळीत चामटोलीला घरचे सगळे जमले होते. अंगणात ती माझ्या आईकडे करंजी मागायला गेली. ‘क-क-क’ झालं आणि मग तेही थांबलं. तोंड उघडं, मान वर, आवाज नाही. आणि सगळ्यांनी पाहिलं ते तिच्याकडे नाही, माझ्याकडे.

“तुजाच उचललाय तिनं,” आई म्हणाली. “दिसभर तुजाच आयकते ना पोर.”

थोरला भाऊ समजुतीनं बोलला. “पोरं ऐकतात तसं बोलतात. तू थोडे दिवस तिच्यासमोर बोलू नकोस. शाळेत जाईपर्यंत. सुटेल आपोआप.”

आईनं वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावलं. तिनं तोंड वाकडं केलं, सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. परत येताना बायको रिक्षात म्हणाली, “अहो, बघू या ना थोडे दिवस करून. तिच्यासाठी.” मी मान हलवली. त्या दिवसापासून मी माझ्या मुलीसमोर बोलणं बंद केलं.

फार अवघड गेलं नाही, असं आधी वाटलं. मुळात मी बोलायचो ते किती? बायकोनं आतून काही विचारलं तर मी उठून तिच्याजवळ जायचो आणि कानाशी सांगायचो. मुलीबरोबर खेळायचो, तिला खांद्यावर बसवून उल्हास नदीवर न्यायचो, कारखान्यातल्या चिंध्यांतून तिच्या बाहुलीला जीन्स शिवून द्यायचो. ती चित्रांचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीत येऊन बसली की मात्र ते पुस्तक मला बायकोकडे द्यावं लागायचं. पहिले काही दिवस ती रडली. मग पुस्तक घेऊन थेट आईकडेच जाऊ लागली.

एका सकाळी मी दारात बूट घालत होतो. खालच्या पायरीवर ती शेजारच्या मुलीबरोबर भातुकली खेळत होती. त्या मुलीनं काहीतरी विचारलं असावं. माझी मुलगी म्हणाली, “माझ्या प-प-पप्पांना बोलता येत नाही. ते फक्त ऐ-ऐकतात.”

मी बुटाची नाडी बांधली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कामावर गेलो. त्या दिवशी कापताना दोन थर वाकडे गेले. शेठनी तेवढं चालवून घेतलं, कारण असं माझ्याकडून कधी होत नसे.

आणि तिचं अडखळणं कमी झालंच नाही. वाढलं. बालवाडीच्या बाईंनी बायकोला सांगितलं की असल्या मुलांसाठी वेगळे शिकवणारे असतात, दाखवा कुणाला तरी. चौकशी करत आम्ही उल्हासनगरात एका मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत पोहोचलो. तिथं एक तरुण सिंधी मॅडम बसायच्या. हिंदी-मराठी मिसळून बोलायच्या. त्यांनी मुलीपुढे लाकडी कड्यांचं खेळणं ठेवलं आणि आम्हाला विचारत गेल्या. सगळी उत्तरं बायको देत होती.

“पप्पा कुछ नहीं बोलते?” मॅडमनी विचारलं.

बायकोनं सांगितलं. मी कसा बोलतो, घरच्यांनी काय ठरवलं, आम्ही काय करतोय.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “किसने बोला आपको ये? ऐकून नाही येत हे. काही घरांत असतं, पुढे जातं, त्याला कोण काय करणार? आप बोलिए. उसके सामने बोलिए. अटकता है तो अटकने दो. तिला दिसू दे ना, की अटकून पण माणूस बोलतो.”

मला ‘ठीक आहे’ म्हणायचं होतं. ‘ठ’वर मी असा अडकलो की माझी मानच ताठ झाली. समोरचा माणूस अशा वेळी इकडे तिकडे बघतो, नाहीतर माझा शब्द स्वतःच पुरा करतो. मॅडमनी दोन्ही केलं नाही. निवांत माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. कडी ओवता ओवता माझी मुलगी थांबली. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. शब्द एकदाचा बाहेर पडला आणि ती खिदळली. “प-पप्पा! तुम्ही पण!”

एवढा आनंद तिला खाऊ आणल्यावरही झालेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. घरात नियम झाला की तिचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असं म्हणायचं नाही. ती बोलत असताना हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघायचं. मी कामावरून आलो की आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. मॅडमनी शिकवलं होतं तसं, ओठ सैल ठेवून, शब्द हलकेच सोडायचा. ती मला शिकवायची. मी चुकलो की टाळी वाजवायची. मला त्याचा फार उपयोग झाला नाही, माझं सगळं पक्कं होऊन गेलं होतं. तिचं मात्र सुटत होतं.

मॅडमनी एक खेळ दिला होता. बाजारात जायचं आणि मुद्दाम अडखळायचं. भीती मोडण्यासाठी. बदलापूरच्या भाजीबाजारात मी “ट-ट-ट-टोमॅटो” म्हणायचो, ती माझं बोट घट्ट धरून तोंड दाबून हसायची. मग तिची पाळी. “क-क-क-कोथिंबीर.” यातलं मुद्दाम किती आणि खरं किती, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा भाजीवाली म्हणाली, “काय गं, थंडी वाजते काय तुला?”

मुलीनं तिच्याकडे सरळ पाहिलं. “न-नाही. मी अशीच बोलते.”

हे वाक्य मॅडमनी पाठ करून घेतलं होतं. पण ते मी माझ्या आयुष्यात कुणाला म्हणू शकलो नव्हतो. घरी येताना पिशवी मीच उचलली होती, तरी हात हलका वाटत होता. हिचं माझ्यासारखं होणार नाही, असं मी त्या दिवशी पक्कं धरून चाललो.

ती पाचवीत गेली आणि वर्गात पाळीपाळीनं धडा वाचायला लावू लागले. आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येईल हे ती बाकांवरून आधीच हेरून ठेवायची आणि घरी तो माझ्यापुढे वाचायची. ज्या दिवशी तिची पाळी आली त्या दिवशी ती पुस्तक घेऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, “तू बस, बाळा. पुढची वाचेल.” दुसऱ्या दिवशीही तसंच. बाई मायाळू होत्या. मुलं हसतात म्हणून त्यांनी तिला कायमचं सोडून दिलं होतं. मुलांचं हसणं ती सहन करत होती. मधल्या सुट्टीत पोरं ‘क-क-क’ करून मागे लागायची तेही येऊन सांगायची. पण हे सांगताना तिचा आवाज वेगळा लागला. “मी उ-उभी राहिले होते, पप्पा.”

मी शाळेत गेलो. काय बोलायचं ते गॅलरीत बसून घोकलं होतं. मुख्याध्यापक बाईंच्या खोलीत वर्गशिक्षिकाही होत्या, मुलगी माझ्या शेजारी उभी. मी सुरुवात बरी केली. “बाई, माझी एवढीच विनंती आहे, हिला व-व-व...”

“वगळा?” मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. “वगळलंच आहे हो तिला. काळजी करू नका.”

मी नकारार्थी मान हलवली. ‘व’ तसाच ओठांत अडकून होता.

“वर्ग बदलायचाय? वेगळं बसवायचंय?”

त्या मदतच करत होत्या. माझ्या घशातून नुसती घरघर येत होती. शेवटी त्यांनी कागद पुढे सरकवला. “लिहून द्या ना. तुम्हालाही सोपं.”

मी लिहिलं, हिला वाचू द्या. त्यांनी ते वाचलं, वर्गशिक्षिकांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आम्ही तिच्या भल्यासाठीच करतो हो. तुम्हाला तर माहीतच असेल, कसं होतं ते.”

मुलगी फरशीकडे बघत होती. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही प-परत शाळेत येऊ नका.” मग थोडं चालल्यावर, “मम्मीला प-पाठवा.”

“बरं,” मी म्हटलं. तो शब्द मात्र तेव्हा सहज निघाला.

बायको गेली. बाईंनी मग काही वेळा तिला वाचू दिलं. पण अभ्यासक्रम मागे पडतो, घंटा होते, वर्गात चुळबूळ सुरू होते. हळूहळू तिची पाळी पुन्हा नाहीशी झाली. या वेळी तिनं घरी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मीच नको म्हटलं.”

त्याच सुमाराला मॅडमचं लग्न झालं आणि त्या दूर गेल्या. काही दिवस फोनवर व्हिडिओ लावून शिकवायच्या. आवाज तुटायचा, मध्ये चित्र थिजायचं. मॅडम ‘फिर से बोलो बेटा’ म्हणायच्या, आणि अडलं ते नेटवर्क की मुलगी हे त्यांना तिकडून कळत नसे. एके दिवशी तिनं कॅमेरा बंद करून ठेवला. नंतर ती बसलीच नाही. अंबरनाथला एक जण खात्रीनं बरं करतो असं कळल्यावर बायको तिला घेऊन गेली. त्यानं तोंडात गोटी ठेवून बोलायला लावलं. बायकोनं तिला तिथून हाताला धरून आणलं, पुन्हा नेलं नाही.

मग ती बरी बोलू लागली. सगळ्यांना तसंच वाटलं. नातेवाईक म्हणायचे, सुटलं की हिचं! आठवी-नववीतली मुलगी, कमी बोलायची, पण बोलायची ते सरळ. मला मात्र ऐकू येत होतं ती काय करतेय. ‘पाणी द्या’ म्हणायच्या जागी ती ‘तहान लागलीय’ म्हणायची. काकीला हाक मारायची नाही, जवळ जाऊन उभी राहायची. हॉटेलात गेलो की तिला पावभाजी हवी असायची, डोळे शेजारच्या टेबलावरच्या तव्याकडे असायचे, आणि वेटर आला की म्हणायची, “मिसळ.” अडणारा शब्द लांबूनच येताना दिसतो, आणि त्याच्या आधीच्या वळणावर दुसरा धरता येतो. मीही आयुष्यभर तेच केलं. फक्त तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त शब्द होते. शाळेत मराठीच्या बाई तिच्या भाषेचं कौतुक करायच्या.

एका सुट्टीत तिला ड्रेसचं कापड घ्यायला मी कॅम्प तीनला घेऊन गेलो. शेअर रिक्षात शेजारी एक बाई जीन्सचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं कौतुकानं विचारलं, “बेटी, नाम क्या है?”

माझ्या मुलीचं नाव ‘क’नं सुरू होतं. माझ्या आईनं ठेवलेलं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, तो आखडलेला मला जाणवला. आणि मग तिनं एक नाव सांगितलं. ‘स’नं सुरू होणारं, साधंसं, छान नाव. अजिबात न अडखळता.

“कहाँ रहती हो?”

“सानपाडा में.”

बाई विचारत गेली, ती सांगत गेली. त्या नव्या नावाच्या मुलीला एक बहीण होती. ती सातवीत होती. तिला नाचायला आवडायचं. अनोळखी माणसाशी इतकं सलग बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. हात हलवत होती, हसत होती. बाई मला म्हणाली, “कितना मीठा बोलती है आपकी बच्ची.” मी हसलो. आमचं उतरायचं ठिकाण मागे गेलं तरी दोघांपैकी कुणी बोललं नाही.

उतरल्यावर मी विचारलं, “ते नाव कु-कुणाचं?”

“क-क-क...” तिनं डोळे मिटले आणि उघडले. “असंच. ते अडत नाही.”

आम्ही कापड घेतलं. निळं होतं, तिला आवडलं. मला तिला रागवावंसं वाटलं नाही आणि समजवावंसंही वाटलं नाही. काय समजवायचं, तेच मला ठाऊक नव्हतं.

दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि ती सायन्सला गेली. माझा थोरला भाऊ मोरिवलीजवळच्या एका औषधाच्या कंपनीत कामाला आहे. तो तिथल्या लॅबबद्दल सांगायचा. काचेमागे पांढरे कोट घातलेल्या मुली असतात, सारखं काही मोजत असतात, शांत असतं सगळं. ते ऐकून तिनं मनाशी काही ठरवलं असावं. बारावीत ती मन लावून अभ्यास करत होती. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तोंडी परीक्षा असते. बाहेरचे सर येऊन प्रश्न विचारतात. तिनं स्वतःहून मला म्हटलं, “पप्पा, तुम्ही वि-विचारा.”

कित्येक वर्षांनी आम्ही पुन्हा गॅलरीत बसलो. मी पुस्तकातून प्रश्न वाचायचो, इंग्रजी शब्दांवर अडायचो. ती उत्तर द्यायची, तीही अडायची. एकेका प्रश्नाला इतका वेळ लागायचा की आतून बायको विचारायची, झाला का पहिला? आम्ही हसायचो. तिला सगळं येत होतं. एकही उत्तर तिनं टाळलं नाही, शब्द बदलला नाही. केमिस्ट्रीत तो बदलताही येत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून उल्हासनगरला तिच्या कॉलेजसमोर उभा राहिलो. ऊन फार होतं. फाटकाच्या बाजूला उसाच्या रसाची गाडी होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, म्हणून मला वाटलं बरं गेलं असेल. मी दोन ग्लास रस सांगितले, बोटं दाखवून.

“क-कसं झालं?”

“झालं.”

“काय विचारलं?”

“तेच. आपण केलेलं.”

“मग? सांगितलंस?”

तिनं ग्लास संपवला, गाडीच्या फळीवर ठेवला. “मी म्हटलं, माहीत नाही.”

“क-कशाला?”

“सगळ्याला.”

“अगं, पण तुला येत होतं!”

“येत होतं.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “सर म्हणाले, अभ्यास करत जा जरा.” मग बराच वेळ ती एका शब्दाशी झटत उभी राहिली. रसवाला आमच्याकडे बघू लागला. मी थांबलो. “प-प-पण ‘माहीत नाही’ मला अडत नाही, पप्पा.”

मार्क फार गेले नाहीत. तेवढ्यानं तिचं काही अडलं नसतं. पण फार्मसीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिनं भरला नाही. भाऊ घरी येऊन समजावून गेला, बायको रडली. मी तिला म्हटलं, माझ्या पद्धतीनं, थांबत थांबत, की अशी कितीतरी माणसं आहेत, ती बोलतात, कामं करतात. मी नाही का करत?

“तुम्ही काम करता,” ती म्हणाली. “बोलता कुठे?”

त्यात टोमणा नव्हता. तिनं पाहिलं होतं तेच सांगितलं.

आता ती घरीच असते. बाहेरून बी.ए. करते आणि कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीसाठी काम करते. गिऱ्हाइकं तक्रारी लिहितात, ती उत्तरं लिहिते. फार भराभर आणि गमतीदार लिहिते. चिडलेली माणसं तिच्याशी बोलून हसतात, असं तिच्या वरच्यांनी कळवलं होतं. ते तिनं मला फोनवर दाखवलं. आवाज न करता एवढं बोलणं होतं तर मग वाईट काय, असं बायको म्हणते. कदाचित तिचं बरोबर असेल. घरात अजूनही कुणी मुलीचं वाक्य पुरं करत नाही. पण आता तीच ते अर्ध्यावर सोडून देते.

मागच्या रविवारी मी चहा करत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षराला अडली. मी गॅस बारीक केला, तिच्याकडे वळलो आणि थांबलो, ओठांकडे न बघता चेहऱ्याकडे बघत. तिनं प्रयत्न केला. गळ्याची शीर वर आली. मग तिनं मान हलवली, हात झटकला आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं माझ्या खिशातला फोन वाजला. तिचा मेसेज होता. ‘साखर कमी.’

मी फोन ठेवला आणि आतपर्यंत ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, “ब-ब-ब-बरं!”

आतून बटणं दाबल्याचा टकटक आवाज येत राहिला. चहा उकळून वर आला होता. मी गॅस बंद केला.